लिटरला अठ्ठावन्न : नानांच्या गाडीवर भुसावळ ते धुळे आणि परत

या प्रवासाला जायचं ठरलं ते एका पेट्रोल पंपावर. पंपाच्या नळीशेजारी चिकटवलेला एक छोटा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलंय, असं त्यावर होतं. तो कागद तिथं कधीपासूनचा असेल देव जाणे. आपण पंपावर शून्य झालं का ते बघतो, कागद कोण वाचतं? मागे स्कूटरवर आमच्या शाळेतले गणिताचे सर उभे होते. म्हणाले, "मॅडम, तुमचंही ॲव्हरेज पडलं का? सगळ्यांचंच पडलंय. माझी स्कूटर लिटरमागे चार किलोमीटर खाऊन बसलीय."

मी गाडी बाजूला घेतली, डबल स्टँडवर लावली आणि तिथल्या कठड्यावर बसले. सरांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाण्याची बाटली आणून दिली बिचाऱ्यांनी. त्यांना काय सांगणार, की याच चार-सहा किलोमीटरपायी माझ्या वडिलांची बावीस वर्षांची मैत्री तुटली होती, आणि ती तुटायला माझी जीभ कारणीभूत झाली होती.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना नानांची गाडी माहीत आहे. शंभर सीसीची, काळी, लाल पट्टा असलेली, बावीस वर्षांची म्हातारी. पासिंग नुकतंच पुन्हा करून घेतलंय. नाना, म्हणजे माझे वडील, दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. उभा जन्म काटे वाचण्यात गेला. घरातसुद्धा तापमापकाचा पारा बघितल्याशिवाय आम्हाला ताप आलाय हे ते मान्य करत नसत. "मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि कॉलनीच्या गेटसमोर पत्र्याच्या टपरीत भिकन आबांचं गॅरेज. आबा मूळ धुळ्याकडचे, बोलणं शुद्ध अहिराणी. त्यांचा मीटरवर काडीचा विश्वास नाही. डोळे मिटून इंजिनाला कान लावायचे, हवेचा स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि म्हणायचे, "आते बोलनी." गाडी बोलली म्हणे. नाना हसायचे, पण दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी गाडी दिवसभर आबांकडे. जादा चावी कायम आबांच्या करदोड्याला बांधलेली.

दोघांची एक रीत होती. नाना लांबून कुठून आले, की आधी पंपावर जाऊन टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटरला लिटरने भागायचं, घरी येऊन आबांना फोन लावायचा आणि फक्त आकडा सांगायचा. "चौसष्ट." पलीकडून "बराबर शे," आणि फोन बंद. राम राम नाही, कसा आहेस नाही. आई म्हणायची, यांची मैत्री म्हणजे दोन शब्दांचा कारभार.

तीन वर्षांपूर्वी आकडा उतरायला लागला. चौसष्टचा बासष्ट, मग साठ. नाना जेवताना गप्प असायचे. एकदा मी सुट्टीला गेले होते आणि पानावर बसल्या बसल्या बोलून गेले, "नाना, आबा ओतत असतील की दोन लिटर स्वतःच्या गाडीत. टाकी भरलेली, गाडी दिवसभर त्यांच्या दारात, चावी त्यांच्या कमरेला. मजा आहे त्यांची."

चेष्टा होती हो. आमच्या घरात माझ्या तिखट जिभेचं कौतुकच व्हायचं. आईसुद्धा हसली होती. नाना हसले नाहीत, हे मला तेव्हा दिसलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी टपरीवर पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर आबांना विचारलं, "भिकन, माझं पेट्रोल काढतोस का रे?" आबांनी चिंधीला हात पुसले. करदोड्याची गाठ सोडून चावी काढली, गाडीच्या सीटवर ठेवली आणि म्हणाले, "नाना, गाडी लई जा." एवढंच. सहा महिन्यांत टपरी बंद झाली आणि आबा धुळ्याला मुलाकडे निघून गेले. गेल्या वर्षी नाना गेले. झोपेतच गेले, काही बोलायला सवड मिळाली नाही.

आता पंपावरचा तो कागद वाचून मला धुळ्याला जायचं होतं. आबांना सांगायचं होतं की चोरी झालीच नव्हती, पेट्रोलच बदललं होतं, आणि ते बोलणं माझं होतं. गाडी नानांचीच न्यायची हेही ठरलं. नाना गेल्यापासून आई भुसावळला माझ्याकडे असते; ती म्हणाली, "बसने जा की, थंडी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा. पण तिथं जास्त बोलू नको."

दिवस पहिला

शनिवारी सकाळी सातला निघाले. धुळं भुसावळच्या पश्चिमेला, पण मी आधी उलटी पूर्वेला दीपनगरकडे गेले. माप घ्यायचं तर नानांच्याच पद्धतीने, त्यांच्याच पंपावर. गाडी डबल स्टँडवर, टाकी गळ्यापर्यंत, आणि फेस बसल्यावर पुन्हा थोडं. पंपावरची बाई म्हणाली, "ताई, सांडेल." मी म्हटलं, सांडू द्या. वाचकांपैकी कुणाला आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं असेल तर असंच करा. तोच पंप, गाडी उभी करायला तीच सपाट जागा, आणि किमान दोनशे किलोमीटर. मीटरवरच्या दांड्या मोजून काही कळत नाही.

टपरीच्या जागी आता रसवंती झालीय. समोर वीज केंद्राची धुराडी तशीच उभी. रसवंतीत चहाही मिळतो, तो घेताना एक गोष्ट आठवली. आम्ही लहान असताना नाना कधी कधी वैतागून घरी यायचे आणि सांगायचे, "आज कोळसा हलका आला." हलका म्हणजे वजनाला नव्हे, उष्णतेला. तेवढीच वीज काढायला जास्त कोळसा जाळावा लागायचा. त्यात कुणी कोळसा चोरला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. माल हलका आहे, म्हणून जास्त लागतोय, हे त्यांना तोंडपाठ होतं.

पेट्रोलचंही अगदी तेच. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी. ते जितकं मिसळाल तितकं लिटर हलकं होणार, आणि तेवढंच अंतर कापायला जास्त लागणार. किती जास्त, यावर भांडणं आहेत. कुणी म्हणतं किरकोळ, कुणी म्हणतं भरपूर. गाडी नवी की जुनी, यावरही आहे. मी माझ्या एका गाडीचं सांगतेय. पण मी शाळेत विज्ञान शिकवते, ज्वलन आणि इंधन हा धडा दरवर्षी घेते. नानांनी उभा जन्म हलका कोळसा ओळखला. आणि आम्हा दोघांना हलकं पेट्रोल सुचलं नाही, चोर आधी सुचला. लाज वाटली मला त्या रसवंतीवर बसून.

भुसावळ ओलांडलं की रस्ता चौपदरी, गुळगुळीत. नशिराबादपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पहाटेचं धुकं अजून पानांवर. हिवाळ्यात येणार असाल तर आठच्या आधी हेडलाइट चालू ठेवा, केळीचे ट्रक डावीकडूनही अंगावर येतात. दुचाकीला टोल नाही. मी पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे काटा नेला नाही, नाना तेवढ्यावरच चालवायचे. मागून येणारे हॉर्न वाजवून जीव खात होते. खाऊ देत.

पाळधीला दहा रुपयांचा चहा घेतला. एरंडोलच्या पुढे एका साध्या ढाब्यावर शेवभाजी आणि दोन भाकऱ्या, एकशे तीस रुपये. तिखट मागू नका, न मागता येतं. शेजारच्या बाकड्यावर मक्याचा ट्रॅक्टर लावून दोन शेतकरी बसले होते. मी ढाबेवाल्याला सहज विचारलं की हल्ली लोक ॲव्हरेजची तक्रार करतात का. तो बोलायच्या आत त्यातला वयस्कर शेतकरी म्हणाला, "कराले काय जास? आमना मका शे तुमनी टाकीमा."

"म्हणजे?"

"मकानं बी इथेनॉल व्हस ना, अक्का. दोन पैसा आमले भेटतस, ते तुमले डाचस." आणि हसून त्याने माझ्यापुढे मिठात मुरवलेली मिरची सरकवली. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याचं खरंच होतं. कुणाच्या तरी घरात त्या मक्यावर चूल पेटतेय. वाईट एवढंच, की पंपावरचा तो कागद आमच्या घरापर्यंत कुणी वेळेवर पोचवला नाही. आणि पोचवायचं काम खरं तर माझंच होतं.

पारोळा मागे टाकलं, की जमीन कोरडी होत जाते. कपाशी वेचून झालेली, पऱ्हाट्या उभ्या. साडेअकराला धुळ्यात शिरले. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात आबांच्या मुलाचं घर शोधायला अर्धा तास गेला, कारण गल्लीत तीन भिकन निघाले.

आबा ओट्यावर उन्हात बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पूर्वीच्या निम्मे झालेले. मी गल्लीच्या तोंडाशी होते, गाडी अजून त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आली नव्हती. त्यांनी मान वळवली.

"नानानी गाडी," आवाजावरूनच ते म्हणाले, हे मला त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं. मग मी समोर आले तेव्हा, "नानानी पोर ना तू?"

मी पाया पडले. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणलं. मी पाणी हातात घेऊनच सांगायला सुरुवात केली, नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं. नाना गेले, हे आधी सांगितलं.

"माहीत शे," आबा म्हणाले. "तेरावं व्हई गयं मंग कयनं. कोनी उना नही सांगाले."

तेरावं झाल्यावर कळलं त्यांना, तेही आमच्याकडून नाही. नानांच्या मोबाइलमधले सगळे नंबर मी स्वतः एकेक करून फिरवले होते. भिकन मिस्त्री हे नाव आलं तेव्हा पुढे गेले होते. वाटलं होतं, कशाला, भांडण होतं ना.

मग मी सगळं सांगितलं. पंपावरचा कागद, हलकं लिटर, सगळ्यांचीच पडलेली ॲव्हरेज. आणि जेवताना केलेली ती चेष्टा. "आबा, नानांच्या मनात नव्हतं ते. मी घातलं. तुम्ही मला बोला."

ते मला बोलले नाहीत. स्वतःचे तळहात बघितले. मग त्यांनी विचारलं, "बठ्ठास्नं पडनं? बठ्ठी गाड्यास्नं?"

"सगळ्यांचं, आबा. कमी-जास्त."

"माले वाटनं, मना कान गया."

मला आधी कळलंच नाही. सूनबाईंनी सांगितलं. त्या वर्षी टपरीवर येणारा जो तो हेच म्हणायचा, की आबा, ॲव्हरेज पडलं, तुम्ही सेटिंग बिघडवलं. आबा पुन्हा पुन्हा कार्बोरेटर खोलायचे, स्क्रू फिरवायचे, डोळे मिटून ऐकायचे. गाडी बोलतेय असं त्यांना ऐकू यायचं, आणि तरी आकडा पडायचा. रबरी वॉशर फुगलेले दिसायचे, पेट्रोलचा वास वेगळा यायचा, पण त्यांनी दोष दिला तो स्वतःच्या कानाला. नानांनी चोर म्हटल्यामुळे टपरी बंद झाली असं मी इतके दिवस धरून चालले होते. तसं नव्हतं. चोर म्हटल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. आपल्याला आता गाडी ऐकू येत नाही, या समजुतीने त्यांनी पाने खाली ठेवले होते.

"नानानी ईचारं, तव्हय मी काबर गप ऱ्हायनू?" आबा म्हणाले. "मी चोर नही, हाई माले माहीत. पन मंग पेट्रोल कथा गयं, हाई माले बी माहीत नही. काय सांगतू?"

पेट्रोल कुठे गेलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी तिथंच ओट्यावर रडले. शेजारणी डोकावल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी सूनबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि डाळ वाढली. लॉजचं नाव काढलं तर त्या रागावल्या, म्हणून मुक्काम तिथंच. जेवल्यावर आबा स्वतःहून गाडीपाशी गेले. नातीने जुना पाना आणि स्क्रूड्रायव्हर शोधून आणला. इंजिन चालू केलं, कान लावला, डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर स्क्रूला लावला. पाव आटा. मग अजून थोडा. घुरघुर सरळ झाली, मलासुद्धा कळली.

"वाढेल का ॲव्हरेज?" मी विचारलं.

"नही. जे पेट्रोलमा नही, ते स्क्रूमा कथाईन येई?" ते म्हणाले. "धक्का मारस ते बंद व्हई, बस."

मी पर्समधून ती जादा चावी काढून त्यांच्यापुढे धरली. येताना सगळी वाट मी याच क्षणाचा विचार करत आले होते. ते चावी घेतील, करदोड्याला बांधतील आणि सगळं मिटेल. त्यांनी चावीकडे पाहिलं आणि मान हलवली. "ऱ्हाऊ दे तुनाजोडे. देनारा गया."

मी चावी परत ठेवली. मग थोड्या वेळाने, संध्याकाळचा चहा चालू असताना, त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. नाना जाण्याच्या महिनाभर आधी आबांच्या फोनवर नानांचा फोन आला होता. पूर्वीसारखाच. "अठ्ठावन्न," एवढंच म्हणून ते थांबले होते.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनतू? माले वाटनं, टोमना मारी ऱ्हायना. देख, तुना हातनी गाडी कथी गयी. मी फोन ठी दिना."

मी विचारलं, की तुम्ही ठेवलात तेव्हा नाना फोनवरच होते का. आबा म्हणाले, नाना थांबला होता, वाट बघत होता असं वाटलं, मीच ठेवला. मग त्यांनी मफलर तोंडावर ओढून घेतला आणि आत गेले.

दिवस दुसरा

रविवारी आठला निघाले. आबा गल्लीच्या तोंडापर्यंत आले. आईने बजावलं होतं म्हणून मी फार बोलले नाही. त्यांनी गाडी लांब जाईपर्यंत ऐकली असणार, कारण आरशात ते तसेच मान तिरकी करून उभे दिसत होते.

परत येताना दुसरी वाट घ्यायचा मोह होता. अमळनेरवरून आलात तर रस्ता शांत आहे आणि गावं छान लागतात, तुम्ही जरूर या. मला माप सारखं हवं होतं म्हणून मी आल्या वाटेने परतले. जळगावजवळ आसोद्याच्या वांग्याचं भरीत घेतलं, पाव किलो ऐंशी रुपये, हिवाळ्यात जळगावला येऊन भरीत न खाता जाणं हा गुन्हा समजतात. नाना असते तर वास घेऊनच सांगितलं असतं वांगं कुठल्या मळ्यातलं. दोन घास खाल्ले आणि उरलेलं आईसाठी बांधून घेतलं.

वाटभर मी एकच गोष्ट उलटीपालटी करत होते. तो टोमणा होता, की समेट? नानांना राग धरून आकडा सांगायचा असता तर त्यांनी पुढे चार शब्द ऐकवले असते, ते मला चांगलं माहीत आहे. फक्त आकडा सांगून थांबणं ही त्यांची जुनी रीत होती. पण हे मला कोण खरं करून देणार? मीटर खोटं बोलत नाही, आणि जास्त काही सांगतही नाही.

दीपनगरच्या पंपावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. गाडी त्याच जागी, डबल स्टँडवर. टाकी गळ्यापर्यंत, फेस बसल्यावर पुन्हा थोडं. दोनशे एकसष्ट किलोमीटर, साडेचार लिटर. भागाकार मी बिलाच्या मागे केला, दोनदा केला.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी जाता जाता: रबरी नळ्या आणि वॉशर वर्षातून एकदा बघून घ्या, गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका, आणि ॲव्हरेज पडलं तर मिस्त्रीवर ओरडण्याआधी पंपावरचा कागद वाचा. एवढं केलंत तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

घरी आले. आई भरीत घेऊन स्वयंपाकघरात गेली. नानांचा मोबाइल अजून चार्जिंगला लावलेला असतो, आई काढू देत नाही. त्यात भिकन मिस्त्री हे नाव शोधलं आणि फोन लावला. पलीकडे नानांचं नाव उमटलं असणार, कारण फोन उचलल्यावर कुणी हॅलो म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं, आणि थांबले. ठेवला नाही.

 आबा हळूच म्हणाले, "त्याले बी अठ्ठावन्नच पडनं व्हतं."

"हो, आबा."

"बराबर शे," ते म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.